सोलरचा अर्ज वीज कंपनीकडून परत परत येतोय? कोकणातल्या घरात आधी हे तपासा

आमच्या घरावर पॅनल चढले मार्गशीर्षात आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसला चैत्रात. मधले चार महिने तीन किलोवॉटचा तो निळा मांडव स्लॅबवर नुसता ऊन खात बसला होता आणि आम्ही नेहमीसारखं पूर्ण बिल भरत होतो. शिमग्याची पालखी घरी आली तेव्हा मुंबईकर मंडळींनी वर बघून पहिला प्रश्न विचारला, "काय रे, चालू झालं का?" झालं नव्हतं. अर्ज तीनदा परत आला होता. त्यातली पहिली दोन कारणं अशी होती, की गणपतीत सगळे घरी असताना एका संध्याकाळी निस्तरली असती.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. वाडीतल्या आणखी चार घरांच्या फाइली सध्या अशाच अडकल्या आहेत आणि रोज कुणी ना कुणी विचारतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. हे घरगुती जोडणी आणि पीएम सूर्यघर योजनेतल्या, म्हणजे छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतल्या अर्जाबद्दल आहे.

अर्ज नेमका कुणाच्या दारात आहे?

सोलरवाला सांगतो, "साहेब सही करत नाहीत." साहेब सांगतात, "आमच्याकडे काही आलेलंच नाही." दोघंही खरं बोलत असतात. पॅनल बसवून झाल्यावर त्याचा तपशील आणि फोटो योजनेच्या पोर्टलवर सोलरवाल्याने भरायचे असतात. ते भरेपर्यंत कंपनीच्या स्क्रीनवर तुमचं घर दिसतच नाही. आमचे अठरा दिवस यातच गेले. तो म्हणत होता पाठवलंय, आणि फाइल त्याच्याच लॉगिनमध्ये अर्धवट पडली होती, कारण एका फोटोला लोकेशन लागलं नव्हतं. तुम्ही स्वतः पॅनलशेजारी उभे असलेला, लोकेशनसह काढलेला फोटो लागतो. आमच्याकडे खाडीच्या बाजूला रेंज येते-जाते, मग फोटोवर जागेचे आकडे उमटत नाहीत. फोटो काढण्याआधी मोबाइलचा नकाशा उघडून तो तुमचं घर दाखवतोय का बघा. नाही दाखवला तर थांबा.

म्हणून पहिलं काम हे, की पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल नंबरने स्वतः लॉगिन करा. सोलरवाल्याने त्याचा नंबर टाकून तुमची नोंदणी केली असेल तर तिथेच कान टवकारा. टप्पे सरळ आहेत: अर्ज, तांत्रिक मंजुरी, विक्रेत्याची (म्हणजे सोलरवाल्याची) निवड, बसवणीचा तपशील, कंपनीची तपासणी, नेट मीटर आणि कार्यान्वित झाल्याचा दाखला, शेवटी बँक तपशील आणि अनुदान. गाडी कुठे थांबली ते तिथे दिसतं. त्याच टप्प्याबद्दल विचारलंत तर उत्तर मिळतं. 'आमचं सोलरचं काय झालं' असं विचारलंत तर 'बघतो' मिळतं.

दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे तांत्रिक मंजुरीला, १० किलोवॉटपर्यंत अडायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवायच मंजुरी गृहीत धरली जाते. तिथेच अर्ज परत आला असेल तर ट्रान्सफॉर्मरला दोष देऊ नका, तुमच्या कागदात काहीतरी आहे.

बिल आजोबांच्या नावावर

कोकणातल्या निम्म्या फाइली इथे मरतात, असं माझं मत आहे. मोजलेलं नाही, पण वाडीतल्या चारपैकी तीन इथेच आहेत.

माझा पहिला अर्ज परत आला तेव्हा मी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मॅडमनी बिल हातात घेतलं.

"हे कोण?"

"आजोबा."

"ते येतील का सहीला?"

"ते चौऱ्याण्णव साली गेले."

"मग अर्ज कुणी केला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बिलावर आजोबांचं नाव, पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, आणि आडनाव नाहीच. गावात पहिल्यांदा लाइट आली तेव्हा कुणीतरी तोंडी सांगितलं आणि कुणीतरी लिहून घेतलं, ते तसंच छापून येतंय. बिल भरायला नाव कधी आड आलं नाही. सोलरला येतं, कारण ग्राहक क्रमांक टाकला की पोर्टल कंपनीकडचं नाव उचलतं, करार त्याच नावाने होतो, आणि पुढे अनुदान ज्या बँक खात्यात यायचं त्यावरचं नाव याच्याशी जुळावं लागतं. मयत माणसाचं खातं कुठून आणणार?

उपाय एकच, आधी वीज जोडणीचं नाव बदला. आम्हाला लागलेले कागद असे: मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा (नमुना ८), ज्याच्या नावावर करायचं त्याचं आधार, आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. कार्यालयागणिक एखादा कागद इकडे-तिकडे होतो, म्हणून यादी खिडकीवरून लिहून घ्या.

ना-हरकत म्हटलं की खरी गंमत सुरू होते. सातबारावर आमचे एकवीस सहहिस्सेदार आहेत, आणि सोलर म्हटल्यावर एका चुलत्यांना वाटलं, घर नावावर करून घेतोय. त्यांना फोनवर समजावून सांगता येईना. प्रत्यक्ष बसून घरपत्रक दाखवलं, लाइटचं बिल म्हणजे मालकीचा पुरावा नाही हे सांगितलं, आणि प्रतिज्ञापत्रातच एक ओळ घातली: "सदर बदल केवळ वीज बिलापुरता असून घराच्या व जागेच्या हिस्स्यावर त्याचा कोणताही परिणाम होणार नाही." मग सही झाली. ही ओळ तुम्हीही घाला, चहाचे चार कप वाचतील. आणि सह्यांचं हे काम गणपतीत करा किंवा मे महिन्यात. एरवी डोंबिवली, विरार, नालासोपारा असं फिरावं लागतं. मी फिरलोय.

घरपत्रकावरचं नावही बघून घ्या. आमच्या शेजाऱ्यांचं वीज बिल बदललं, पण घरपत्रक अजून आजीच्या नावावर. आता ते ग्रामसेवकांच्या मागे आहेत.

नाव तुमचंच असेल पण स्पेलिंग वेगळं असेल तरी थांबू नका. बिल, आधार आणि बँक पासबुक एका टेबलावर ठेवा आणि इंग्रजीतली अक्षरं बोट ठेवून मिळवा. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हेही पुढे अनुदानाच्या वेळी नडतं.

बिलाला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही आताच बघा. आमचा होता धाकट्या काकांचा, बिल तेच भरायचे म्हणून. ओटीपी भांडुपला, ते लोकलमध्ये, आणि मी इथे खिडकीपाशी. नंबर बदलून घ्यायला दोन मिनिटं लागली. आधी सुचलं असतं तर.

मंजूर भार आणि थकबाकी

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो थकबाकीमुळे. आमच्या नव्हे, त्याच घर क्रमांकावर असलेल्या, कधीच कापलेल्या दुसऱ्या जोडणीच्या. मागच्या पडवीत एकेकाळी पिठाची चक्की होती, तिचं शेवटचं बिल कुणी भरलंच नव्हतं. साडेसहाशे रुपये आणि त्यावरचं व्याज. भरलं, पावती जोडली, संपलं. ज्यांचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं त्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

मंजूर भाराचा, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे त्या आकड्याचा बाऊ मात्र उगाच केला जातो. जुन्या बिलांवर अर्धा किंवा एक किलोवॉट छापलेलं असतं आणि तीन किलोवॉटचे पॅनल त्यात बसत नाहीत हे खरं. पण वर सांगितलेल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जासाठी लागणारी भारवाढ कंपनीनेच करायची आहे. त्यासाठी वेगळा अर्ज कर, वेगळा एजंट धर, असं कुणी सांगत असेल तर आधी नियम दाखवा. तीन किलोवॉटसाठी थ्री फेज घ्यायचीही गरज नाही. स्थिर आकार वाढतो तो वाढतोच.

बिलावर 'दर संकेत' म्हणून एक ओळ असते, तिथे घरगुती असायला हवं. होम-स्टेसाठी कुणी व्यापारी करून घेतलं असेल तर सोलर बसवता येईल, पण या योजनेचं अनुदान नाही.

मीटरआधी चालू करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी ऐकत नाही.

आमच्याच वाडीतल्या एका घरी सोलरवाल्याने फोटो काढायला इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारी पेटी) चालू केला आणि तसाच ठेवला. "मीटर येईपर्यंत तेवढीच बचत, काका." काका खूश. महिनाभराने बिल आलं ते दुपटीच्या घरात. काकांना वाटलं मीटर बिघडला. मीटर बिघडलेला नव्हता. साधा इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेने चाललीय हे बघत नाही, चोरी होऊ नये म्हणून बरेचसे मीटर उलटी गेलेली वीजही सरळच मोजतात. दुपारी घरात एक पंखा आणि फ्रीज, वर पॅनल दोन-अडीच किलोवॉट देतायत. उरलेली वीज तारेवर गेली आणि काकांनी ती दिलीही आणि तिचे पैसेही भरले. शिवाय परवानगीशिवाय तारेवर वीज सोडणं लाइनमनच्या जिवाशी खेळ आहे, आणि तपासणीत दिसलं तर फाइल आणखी लांबते.

म्हणून मीटर बसेपर्यंत इन्व्हर्टरकडून येणारा एसी बाजूचा एमसीबी (बोर्डातला छोटा स्विच) खाली पाडून ठेवा. सोलरवाला गेला की स्वतः जाऊन बघा.

तपासणीला साहेब येतात तेव्हा

तिसऱ्यांदा फाइल अडली ती इथे, आणि यात चूक आमच्या सोलरवाल्याची.

पॅनल कोल्हापूरकडून घाट उतरून आले. एकाची काच तडकली. त्याने ते परत पाठवून दुसरं आणलं, इथवर चांगलंच केलं. पण पोर्टलवर भरलेली यादी जुनीच राहिली. शाखा अभियंत्यांनी स्लॅबवर वाकून सहाही पॅनलचे अनुक्रमांक वाचले आणि पाचव्यावर थांबले. अनुदानासाठी पॅनल देशी सेलचेच, म्हणजे डीसीआर लागतात, आणि अनुक्रमांकावरूनच ते तपासलं जातं. एक आकडा चुकला तरी त्यांना सही करता येत नाही. पॅनल वर चढायच्या आधी अंगणात ओळीने उभे करून प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा. चढल्यावर ते स्टिकर बघायला पोटावर झोपावं लागतं.

क्षमतेचाही असाच घोळ होतो. पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टर यात जे कमी ते अनुदानाला धरतात. ५४० वॉटचे सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॉट, त्याला ३ चा इन्व्हर्टर, तर हिशोबाला ३. पण पाच पॅनलवर ३ चा इन्व्हर्टर लावला तर २.७ च. पूर्ण ३ धरले तर अनुदान ७८,००० रुपये, पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. 'तीनचा सिस्टम' म्हणून पाच पॅनल गळ्यात मारणारे आहेत, मोजून घ्या.

मग अर्थिंग. साहेबांनी टेस्टर काढला, जमिनीत दोन खिळे ठोकले, आणि काटा दाखवू लागला अकरा. पाच ओहमच्या आत हवं. कातळावर घर आहे, खाली नुसता जांभा. सोलरवाल्याने तीन खड्डे मारले होते (एसी, डीसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा असे तीन वेगळे लागतात), पण तिन्ही घराच्या पुढच्या बाजूला, उन्हात तापणाऱ्या कोरड्या दगडात. पावसाळ्यात कदाचित पास झालं असतं, फाल्गुनात जांभा भाकरीसारखा सुका असतो. मग न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, माडाच्या आळ्याच्या कडेला नवे खड्डे मारले, खोल नेले, ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट मातीची पूड भरली. दुसऱ्या वेळी रीडिंग पाचाच्या खाली आलं. मीठ-कोळसा जुना उपाय आहे, पण खाऱ्या हवेत आधीच लोखंड टिकत नाही, त्यात खड्ड्यात मीठ घालून इलेक्ट्रोड का कुजवायचा?

शेवटची चाचणी बघण्यासारखी असते. साहेबांनी मेन स्विच खाली पाडला. वर ऊन रखरखतंय आणि इन्व्हर्टर त्याच क्षणी गप्प झाला. तो गप्प व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसेल. स्विच परत वर केला. काही नाही. आई म्हणाली, "बिघडवलंन् वाटतं." साहेब घड्याळाकडे बघत उभे. लाइन नीट आहे याची मिनिटभर खात्री करून मगच इन्व्हर्टर पुन्हा जोडतो, तसा नियमच आहे. मिनिटाने हिरवा दिवा लागला.

आईला त्या दिवशी कळलं की लाइट गेली की सोलरही जाणार. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग वादळ किनाऱ्यावर चढलं, तेव्हा इकडे दापोली-मंडणगडात कित्येक दिवस अंधार होता. तशा वेळेला हे काही कामाचं नाही. त्यासाठी बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो पाहिजे असेल तर अर्जाच्या वेळीच सांगा, नंतर बदलायला गेलं की पुन्हा तपासणी.

सगळं बरोबर आहे, तरी मीटर येत नाही

बसवणीचा तपशील दिल्यावर करार, मीटर आणि जोडणी हे सगळं १५ दिवसांत व्हायला हवं. पूर्वी ही मुदत ३० दिवस होती, २०२४ च्या दुरुस्तीत निम्मी केली. "मीटर स्टोअरला नाही" हे उत्तर खरंही असू शकतं, तिथल्या माणसावर ओरडून मीटर उगवत नाही. पण तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. दोन प्रतींत चार ओळी लिहून द्या:

"ग्राहक क्रमांक (बारा अंकी) … , अर्ज क्रमांक … . बसवणीचा तपशील दिनांक … रोजी पोर्टलवर सादर केला आहे. पंधरा दिवसांची मुदत दिनांक … रोजी संपली. अर्ज सध्या कोणाकडे व कोणत्या कारणासाठी प्रलंबित आहे, हे लेखी कळवावे."

एका प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. १९१२ वर तक्रार नोंदवून तो क्रमांकही त्याच कागदावर लिहा. यापुढे कंपनीची स्वतःची तक्रार निवारण व्यवस्था, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. मंचासमोर वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. शिक्का मारलेला कागद दाखवल्यावर नऊ दिवसांत मीटर आला.

मंजुरी मिळाली, पण दुपारी बंद पडतं

मीटर लागल्यावर आठवड्याभरात हे सुरू झालं. साडेअकरा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टर बंद, स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', थोड्या वेळाने चालू, परत बंद. सोलरवाला म्हणाला कंपनीची लाइन खराब. कंपनी म्हणाली तुमचा इन्व्हर्टर खराब.

२३० व्होल्टच्या लाइनवर ११० टक्के, म्हणजे २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टरने सुटायलाच हवं, आणि खाली १८४ ला. तर आधी दोन ठिकाणी मोजा, मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी, भर दुपारी, सोलर चालू असताना. आमच्याकडे मीटरपाशी २४९ होते आणि इन्व्हर्टरपाशी २५४. मधले पाच व्होल्ट कुठून आले? केबलमधून. इन्व्हर्टर मागच्या पडवीत, मीटर पुढच्या ओटीवर, मध्ये ४० मीटर तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर. ३ किलोवॉटला सुमारे १३ अँपियर जातात, जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळजवळ पाच व्होल्टचा फरक. अ‍ॅल्युमिनियम असतं तर साडेसात-आठ. १० चौरस मिलिमीटरची टाकली आणि फरक दोनच्या आत आला. त्यानंतर एकदाही सुटला नाही.

मीटरपाशीच २५३ च्या वर दिसत असेल तर मात्र ती कंपनीची बाजू. दुपारी वाडीतली घरं बंद, वापर नाही, आणि दोन-तीन घरांचे पॅनल एकाच फेजवर वीज ढकलतायत, असं बहुतेक असतं. फेज वाटून द्यायला आणि न्यूट्रलचे सांधे तपासायला लेखी सांगा. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमधून वाढवून देतो असं सोलरवाला म्हणाला तर नको म्हणा, घरातला फ्रीज आणि टीव्ही तोच व्होल्टेज खाणार आहे.

पहिलं बिल आलं त्यात निर्यात युनिट शून्य. रीडिंग घेणाऱ्या पोराने नेहमीसारखा एकच आकडा टिपला होता. मीटरच्या स्क्रीनवर आयात आणि निर्यात दोन्ही आळीपाळीने येतात, त्याला थांबून बघावं लागतं. महिन्याच्या त्याच तारखेला दोन्ही आकड्यांचे फोटो काढून ठेवायची सवय मी तेव्हापासून लावली. फोटो दाखवले, बिल दुरुस्त झालं. उरलेले युनिट ३१ मार्चपर्यंत पुढच्या बिलांत वळते होतात, म्हणून आखाड-श्रावणात पॅनल काही देत नाहीत तेव्हा वैशाखातली शिल्लक उपयोगी पडते. आता पोरगा आला की आई ओटीवरूनच ओरडते, "दुसरा आकडा पन घे रे!"